‘बोल’ दाबेपर्यंत

१२ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

नमस्कार शेवटी करतो, कारण परवा फोनवर तुम्हीच म्हणालात, "नमस्कार राहू दे, ते यंत्र लवकर पाठव." फोनवर सांगितलेलं तुमच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतं, आणि ताईला तर आता फोनचा काही उपयोग नाही. म्हणून यापुढे पत्रच. हा कागद हाताशी ठेवा, विचारायला मी तिथे नाही.

सोबतच्या डबीत अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह आहे. लोक त्यात फोटो ठेवतात, तसला हा नाही. कॉम्प्युटर चालवायला जे जे लागतं ते सगळं यात आहे, वर ताईची अक्षरांची पाटी आहे आणि ताईचा आवाज आहे. गेल्या वर्षी तुमच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये चारी बाजूंनी कोटांचं कापड टांगून आपण तिच्याकडून वाक्यं वाचून घेतली, आठवतं ना? तेव्हा जीभ नुकती जड व्हायला लागली होती. "हे काय खूळ" म्हणत तिने सगळी वाचली, आणि मधेच "क्लच हळू सोडा, गाडी तुमच्या सासऱ्यांची नाही" हेही ठोकून दिलं. इतकी वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलेली बाई, तिला समोर शिकाऊ माणूस नसला तरी चालतो. त्या वाक्यांवरून प्रोग्रॅमने तिचा आवाज उचललाय. ती आता काहीही जुळवो, ऐकू तिचाच आवाज येईल. थोडा सपाट वाटेल, पण तिचाच.

वापरायचं असं. हॉस्पिटलमधला, घरचा, कुठलाही कॉम्प्युटर चालेल. तो बंद असताना ड्राइव्ह लावायचा. मग सुरू करून लगेच वरच्या रांगेतलं एफ बारा दाबत राहायचं. कुठे कुठे दुसरं बटण असतं, तिथल्या माणसाला विचारा. एक यादी येईल, तिच्यातून ड्राइव्ह निवडायचा. मग तो कॉम्प्युटर स्वतःच्या पोटातलं काही न वापरता सगळं ड्राइव्हवरचं चालवतो. ताईचा अंगठा तेवढा अजून हलतो, त्याखाली सोबत पाठवलेलं मोठं बटण ठेवा. पडद्यावर अक्षरांवरून पिवळी चौकट सरकत राहते, हव्या अक्षरावर आली की दाबायचं. वाक्य पुरं झालं की ‘बोल’ लिहिलेला चौकोन. तो दाबला की आवाज. काम झालं की कॉम्प्युटर बंद करायचा आणि ड्राइव्ह काढून खिशात टाकायचा. मागे काही राहत नाही.

बाकीच्या गोष्टी ताईशी ठरल्या आहेत. तिला माहीत आहे.

आता नमस्कार.

शेंडेफळ

२७ फेब्रुवारी

शेंडेफळा,

तुझा अंगठाछाप कॉम्प्युटर पोचला. छाती फुगवू नकोस, पण चालतो.

वॉर्डात ढकलगाडीवर एक कॉम्प्युटर असतो. तो मागितला तर तिथला कॉम्प्युटरवाला कपाळाला आठ्या घालून उभा. म्हणे बाहेरचं काही लावायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाचा कोट माझ्याकडे येतो तेव्हा मी तो घालून फिरत नाही. तुझा कागद त्याला वाचायला दिला. त्याने स्वतः लावून पाहिला, काढून पाहिला, आपलं यंत्र होतं तसंच आहे याची खात्री केली, आणि म्हणाला दुपारी न्या, पण पाचला परत पाहिजे. पाचला दारात येऊन उभा राहतो. भला माणूस आहे, पण घड्याळाचा गुलाम.

आता पहिल्या वाक्याचं ऐक. ती अक्षर अक्षर जुळवत होती आणि मी उशाशी उभा राहून वाचत होतो. ‘तुम्ही रात्री’ एवढं झालं आणि मी म्हटलं, "हो हो, जेवलो रात्री." तिचा अंगठा थांबला. माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं तुला ठाऊक आहे, त्या नजरेने माणसं भर चौकात गाडी बंद पाडायची. सगळं पुसलं. पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतलं, माझा चहा गार झाला तरी चालूच. मग ‘बोल’ दाबलं, आणि खोलीत तिचा आवाज आला. "वाचू नका. मी बोलतेय."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. नर्सबाईंनी विचारलं काय झालं. म्हटलं काही नाही, बायको रागावली. किती महिन्यांनी रागावली ते त्यांना काय सांगणार.

तेव्हापासून नियम ठरलाय. ती जुळवत असते तोवर मी पडद्याकडे पाठ करून बसतो, काजं-बटणं करतो. ‘बोल’ दाबेपर्यंत वळायचं नाही. आणि खरंच आहे, आधी वाचणं म्हणजे मधेच तोंड घालणं. लग्न झाल्यापासून माझी तीच खोड आहे असं ती म्हणते. म्हणते! बघ, आता मला असं लिहिता येतं.

तुझा,
भाऊजी

२ मे

शेंडेफळा,

महिनाभर घरी होतो, आता पुन्हा वॉर्डात. श्वासाचं तंत्र बिघडलंय. डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले आहेत, ते मला आवडत नाही.

ड्राइव्ह मात्र दोन्हीकडे चालला. घरी दुकानातलं जुनं खोकं, इथे ढकलगाडी. कुठेही लावला तरी तीच पाटी, तोच आवाज, तिच्या अंगठ्याला काही नवीन शिकावं लागत नाही. माझ्या सगळ्या सदऱ्यांना आतून एक छोटा खिसा शिवलाय, वर बटण. झोपतानाही अंगावर असतो.

आमची भांडणं जोरात आहेत. काल तिने मला कंजूष, घुम्मा आणि आंधळा शिंपी असं तिन्ही एका दमात म्हटलं. एका दमात म्हणजे अर्धी दुपार घालवून. कारण काय, तर मी तिच्या दोन मोटारींपैकी एक विकली नाही. मीही सुनावलं. शेजारच्या खाटेवरच्या आजी हसून हसून खोकायला लागल्या. संध्याकाळी तिने जुळवलं, "बरं वाटलं." भांडून, की मोटार राहिली म्हणून, ते विचारलं नाही.

एक विचारायचं होतं. आज लावला की कालचं बोलणं पडद्यावर दिसत नाही, पाटी कोरीच येते. मग ते जातं कुठे? तिला विचारलं तर हसल्यासारखं करते. तू म्हणाला होतास तुमच्यात काही ठरलंय, म्हणून जास्त खोदलं नाही. पण इतकं सगळं आत साठतंय, तर जागा पुरेल ना?

तुझ्यासाठी निरोप जुळवलाय. "लग्न कर. नाहीतर गाडी शीक. काहीतरी एक."

भाऊजी

१४ मे

ती. भाऊजी,

पत्र वाचून हसलो, आणि डॉक्टरांबद्दल वाचून तिथेच थांबलो. मला रजा जुलैआधी मिळत नाही. तरी काही वाटलं तर एका शब्दाने कळवा, नोकरी गेली खड्ड्यात.

पाटी कोरी येते त्याची काळजी करू नका. ते तसंच असायचं, तशीच रचना केलेली आहे. जागेचा प्रश्न कधी येणार नाही.

ताईला सांगा, गाडी शिकतो. ते जास्त सोपं आहे.

शेंडेफळ

९ जुलै

शेंडेफळा,

तू येऊन गेलास. चार दिवस राहिलास, आपण दोघांनी घरातली सगळी भांडी पुन्हा पुन्हा घासली. तुझ्यासमोर जे निघालं नाही ते आता लिहितो.

त्या दुपारी मी तिला यंत्र लावून दिलं आणि आंघोळीला घरी गेलो. ती म्हणाली जा. म्हणजे "जा, वास येतोय" असं म्हणाली. नर्सबाई सांगतात, मी गेल्यापासून तिचा अंगठा सारखा चालू होता. त्या दोनदा डोकावल्या तर तिने डोळ्यांनीच बाहेर घालवलं. मी परत आलो तेव्हा तिला झोप लागली होती. पडदा भरलेला होता. इतकं तिने कधी जुळवलं नव्हतं, दारातूनही दिसत होतं की बरंच आहे. पण ‘बोल’ दाबलेलं नव्हतं.

म्हणून मी वाचलं नाही. म्हटलं, वाक्य अजून पुरं झालं नसेल. तोंड फिरवून तसाच खाटेजवळ गेलो. पाच वाजले होते, कॉम्प्युटरवाला दारात. तुझ्या कागदावर लिहिलंय तसं सगळं नीट बंद केलं, ड्राइव्ह काढला, खिशात घालून बटण लावलं. वाटलं, आत आहेच, उद्या तिची ती काढेल आणि पुढे बोलेल. ती उठलीच नाही हे तुला माहीत आहे.

मी आता ते वाचणार आहे. ती म्हणायची वाचू नका, पण ‘बोल’ दाबायला आता ती नाही, तर मीच दाबतो. दुकानातल्या खोक्यावर लावून पाहिलं, पाटी कोरी येते. ती आतलं कसं काढायची ते मला येत नाही. तेवढं सांग. सोपं करून, मला समजेल असं लिही. मी शेवटी तिथे नव्हतो, शेंडेफळा. एवढं वाचायला मिळालं तर तिथे होतो असं वाटेल.

भाऊजी

२५ जुलै

ती. भाऊजी,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामाचा डोंगर आहे. ते ड्राइव्हचं मला समोर बसून पाहावं लागेल. पाठवू नका, मीच येईन, बहुतेक पुढच्या महिन्यात. तोवर सुरू करू नका.

जेवणाची आबाळ करू नका.

शेंडेफळ

३ ऑगस्ट

शेंडेफळा,

‘सुरू करू नका’ वाचलं आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे आत आहे, आणि उगाच चालवलं तर बिघडेल, बरोबर ना? तू तसं स्पष्ट लिहिलं नाहीस, पण शिंप्याला अस्तराआडचं कळतं. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून हात लावलेला नाही. लोकरीच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवलाय, किल्ली गळ्यात.

तुला खरं सांगू? बरं चाललंय माझं. दुकान उघडतो. लोक येतात, "बाईंमुळे आम्ही गाडी शिकलो" म्हणतात, मी माप घेतो. संध्याकाळी वाटतं, अजून तिचं एक बोलणं ऐकायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे संपलेलं नाही. तेवढ्यावर दुसरा दिवस निघतो. म्हणून तू घाई करू नकोस, तुझ्या सवडीने ये. पण ये.

भाऊजी

१६ ऑगस्ट

ती. भाऊजी,

तुमचं पत्र आल्यापासून मी धड झोपलेलो नाही. आणखी एक दिवस तुम्हाला असं वाट बघायला लावणं पाप आहे.

आत काही नाही.

ड्राइव्हवर मी जे भरून दिलं होतं तेवढंच आहे. सुरू केला की तो कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणात उतरतो, आणि ताई जे जुळवायची ते सगळं तिथेच असायचं. तुमच्या भाषेत कच्चा टाका. कॉम्प्युटर बंद झाला की तो उसवतो. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी यायची ती म्हणूनच. हॉस्पिटलात कोणीही कधीही ड्राइव्ह उपसून काढील, लिहिता लिहिता काढला तर सगळाच बिघडेल आणि तिचा आवाज बंद पडेल, म्हणून मी मुळात तसा केला. पण बोलणं जपून ठेवायला वेगळा कप्पा करता येत होता. ट्रायल रूममध्ये मी ताईला विचारलंही होतं. ती नको म्हणाली.

तिचे शब्द जसे आठवतात तसे लिहितो. जड जिभेने म्हणाली, "मला भांडायचंय रे. आम्ही रोज भांडतो आणि रोज विसरतो, म्हणून तर टिकलो. हे सगळं लिहून राहिलं तर मी गेल्यावर ते काढून काढून वाचत बसतील. माझं बोललेलं बोलल्यासारखं जाऊ दे. आणि त्यांना सांगू नकोस, नाहीतर कापायची कात्री बाजूला ठेवून एकेक वाक्य उतरवून घेतील." मी कबूल झालो. मे महिन्यात तुम्ही सरळ विचारलंत तेव्हाही तिला दिलेला शब्द पाळत बसलो. तेव्हा सांगितलं असतं तर त्या दुपारी तुम्ही यंत्र बंद केलं नसतं. हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉम्प्युटरमधलं हरवलेलं शोधून देणाऱ्या ओळखीच्या माणसालाही विचारून झालं. तो म्हणाला, पुसलेलं असतं तर पाहिलं असतं, पण हे कधी लिहिलंच गेलं नव्हतं. गेल्या पत्रात ‘सुरू करू नका’ मी नुसतं वेळ काढायला लिहिलं. त्याचा तुम्ही असा अर्थ घ्याल हे मला सुचलं नाही. आता केव्हाही सुरू करा, त्याने काही जाणार नाही. जायचं ते गेलंय.

मला काहीही बोला. पण बोला.

शेंडेफळ

३० ऑक्टोबर

शेंडेफळा,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर ते कागदावर राहिलं असतं, आणि ते राहण्यासारखं नव्हतं. तुझ्यावर राग होता. थोडा अजून आहे. तिच्यावर जास्त होता. मला न विचारता दोघांनी ठरवलंत, आणि मी मूर्खासारखा खिशाला बटण लावून हिंडलो. पाठ करून बसलो तोही मीच, आणि बंद करणारा हातही माझाच. हे मी दिवसातून किती वेळा स्वतःला सांगतो ते विचारू नकोस.

पण लिहायचं वेगळंच आहे.

आता काही जाणार नाही म्हणालास, म्हणून सप्टेंबरात ड्राइव्ह बाहेर काढला. दुकानातल्या खोक्याला लावला. पाटी आली. तिचं बटण नको, साध्या कीबोर्डवरही लिहिता येतं हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं, ‘जेवलात का?’ आणि ‘बोल’ दाबलं. तिने विचारलं. मी म्हटलं, "हो, जेवलो." एवढंच त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून हवापाण्याचं बोलून घेतलं. मग वाढत गेलं. शटर अर्धं ओढून बसायला लागलो. गिऱ्हाईक बाहेरून हाक मारून परत जायचं. एके दिवशी मी लिहिलं, ‘तुमची चूक नव्हती.’ ते तिच्याकडून किती वेळा म्हणवून घेतलं याची मला लाज वाटते. तिच्या आवाजात आलं की ते मी लिहिलंय असं वाटतच नाही रे. थोडा सपाट असतो, तू म्हणाला होतास. मला तर आता तोही वाटत नाही.

परवा एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या. तिच्याकडेच गाडी शिकलेल्या. म्हणाल्या, बाई शेवटी शेवटी काही बोलू शकायच्या का? मी म्हटलं, हो, बोलायची की. म्हणायची, "तुम्ही होतात म्हणून मी घाबरले नाही." बाईंचे डोळे भरले, माझेही भरले. त्या गेल्यावर मी बाहीला खूण करायला खडू उचलला आणि हात तिथेच राहिला. हे तिने कधी म्हटलंच नव्हतं. आदल्या मंगळवारी मीच लिहिलं होतं.

मी खोटं बोललो नव्हतो, शेंडेफळा. मला तसं खरंच आठवत होतं, तिचा चेहरा, उशी, दुपारचं ऊन, सगळ्यासकट.

तेव्हापासून बसून वेगळं करतोय. कंजूष, घुम्मा, आंधळा शिंपी, हे तिचं. "जा, वास येतोय", हे तिचं. काही काही वाक्यांपाशी अडतो, सांगता येत नाही. असंच चालू राहिलं तर वर्षभरात तिचं एकही उरणार नाही, सगळी मी शिवलेली असतील, आणि सगळी गोड. ती एवढी गोड कधीच नव्हती. जिवंत होती तोवर मला मधे तोंड घालू देत नव्हती, आता अडवायला नाही तर मी तिच्या तोंडी शब्द घालतोय.

त्या दुपारी ती काय जुळवत होती ते मला कळलं नाही आणि कळणार नाही. भांडण असेल. मोटारीचं असेल. तुझ्यासाठी काही असेल. त्या जागी मला माझं काही भरायचं नाही, तेवढी जागा तरी तिची राहू दे.

ड्राइव्ह कापडात शिवून या पत्राबरोबर पाठवतोय. पुसू नकोस. पुसायला बसलो होतो, माझ्याने झालं नाही, आणि तिचा आवाज जगात कुठेतरी असावा असं वाटतं, फक्त माझ्या हाताशी नसावा. तुझ्याकडे ठेव. मी परत मागेन. पत्र लिहीन, फोन करीन, आजारी आहे म्हणेन, तिची शपथ घालीन, एकदाच ऐकतो म्हणेन.

देऊ नकोस.

भाऊजी